पीएचच्या मागं लागून मासे मारू नका: सोलापूरच्या पाण्यात हमखास होणाऱ्या चुका

घरी टँकमध्ये मासे पाळणाऱ्यांचा आठवड्यातून एक तरी फोन येतोच, "दादा, पीएच ८.२ आलाय, काय टाकू?" (पीएच म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा अंक, सातच्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी.) अरे काही टाकू नको बाबा! उजनीचं पाणी आपल्याकडं रोज येत नाही, मधल्या दिवसांत बोअरवरच भागवायचं, आणि ते पाणी कसलं असतंय ते बादलीवरचा पांढरा थर बघून कळतंच की. मोली, गप्पी, प्लॅटी या पाण्यात मजेत राहतात, पिल्लं पण देतात. पण नाही, सुरुवात करणाऱ्याला निऑन टेट्राच पाहिजे.

मी पण तेच केलं होतं. पहिल्या टँकला बारा निऑन आणले, दुकानदार म्हणाला यांना साडेसहा पीएच लागतो, आणि पीएच डाउनची बाटली पण हातात दिली. रात्री एक झाकण टाकलं, ८.२ चा ७ झाला, मी खुश. सकाळी बघतो तर परत ८. मग दोन झाकणं, परत तेच. चार दिवस हा खेळ चालला आणि पाचव्या दिवशी सकाळी सात मासे वर तरंगत होते. झालं काय, की बोअरच्या पाण्यात केएच, म्हणजे पीएच धरून ठेवणारे कार्बोनेटचे क्षार, भरपूर, अॅसिड टाकलं की त्यातनं कार्बन डायऑक्साइड तयार होतो, पीएच तेवढ्यापुरता खाली येतो, आणि रात्रभर एअरपंप चालून तो गॅस उडाला की पीएच परत वर. वर प्रत्येक झाकणानं थोडा केएच खर्च होतोच, तो संपला की मग पीएच धाडकन पडतो. पीएच एक अंक हलला म्हणजे आम्लतेत दहापट फरक. स्थिर ८ मध्ये मासा निभावून नेतो, रोजच्या वरखालीत नाही.

खरंच कमी करायचं असेल तर आरओचं पाणी मिसळा. निम्मं आरओ, निम्मं बोअर, केएच निम्मा. मी आदल्या रात्री बादलीत मिसळून एअरस्टोन लावून ठेवतो आणि दर रविवारी पाव टँक बदलतो, बास. नुसतं आरओ भरू नका, त्यात पीएच धरून ठेवायला काही उरत नाही. आणि आरओचं वेस्ट पाणी तर अजिबात नको, ते बोअरपेक्षा पण हार्ड, म्हणजे जास्त क्षारांचं असतंय.

दुसरी माझी आवडती चूक, शाहबादी फरशी. घराचं काम झालं की तुकडे उरतातच, माझ्या भाच्यानं त्याची मस्त गुहा बनवली. मग महिनाभर आरओ मिसळतोय आणि पंधरा दिवसांत केएच परत वर. वैतागून म्हणाला, मामा तुमचा आरओच बिघडलाय. फरशीवर बाथरूम धुवायच्या अॅसिडचा एक थेंब टाकून दाखवला, फसफसली. चुनखडीच ती, आपण मऊ केलेल्या पाण्यात हळूहळू विरघळणारच. शंख-शिंपले, पांढरी मार्बल चिप्स पण त्याच जातीचे. आपला काळा दगड घासून धुऊन टाका, फुकट आहे.

बाकी किरकोळ. बोअरचं ताजं पाणी लगेच तपासू नका, गॅसमुळं पीएच कमी दिसतो, दिवसभर हवा लागू द्या. टीडीएसचं पेन पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवतं, ते म्हणजे पीएच मीटर नव्हे, दोनदा समजावलंय तरी विचारतात. लिंबू, व्हिनेगर, तुरटी: नको. बदामाची पानं टाका, छान दिसतात, पण केएच जास्त असेपर्यंत पीएच ढिम्म हलत नाही. नवीन टँकमध्ये खाणं कमी टाका, कारण उरलेल्या खाण्यातनं आणि माशांच्या घाणीतनं अमोनिया होतो, आणि पीएच ८ च्या वर तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

आणि मे महिन्यात पाणी आटलं की बोअरनं टॉप-अप करू नका, पाणी उडतं, क्षार तिथंच राहतात. मी त्यासाठी आरओच्या दोन बाटल्या बाजूला भरून ठेवतो, घरचे ओरडतात, माणसांना प्यायला नाही आणि माशांना आरओ.