पानावर फोटो बसवताना: पैठणीच्या वेबसाइटचं उदाहरण

पैठणच्या एखाद्या पैठणी विणकराच्या वेबसाइटचं पान धरू. वर हातमागाचा आडवा फोटो, खाली माहिती, शेवटी सहा साड्यांचे पदर. एवढ्या एका पानात फोटो बसवण्याच्या बहुतेक सगळ्या पद्धती लागतात. इथे कोड उच्चारानुसार दिला आहे. फाइलमध्ये नावं आणि अंक दोन्ही इंग्रजीत टाइप करा, देवनागरी ‘१६’ सीएसएसला (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेला) चालत नाही.

ब्राउझर इमेज टॅगला (पानात फोटो आणणाऱ्या कोडला) ओळीतल्या अक्षरासारखं वागवतो, कारण तो मुळात इनलाइन असतो. म्हणून ‘मार्जिन: ० ऑटो’ देऊनही फोटो मध्यभागी सरकत नाही. फोटोखाली काही पिक्सेलची फट राहते तीही याचमुळे: ‘पु’मधला उकार ओळीखाली उतरतो, तशा भागांसाठी ब्राउझर जागा राखून ठेवतो. ‘डिस्प्ले: ब्लॉक’ दिलं की फटही जाते आणि ऑटो मार्जिनही लागू होतं.

सगळ्या फोटोंना सुरुवातीलाच ‘मॅक्स-विड्थ: १००%’ आणि ‘हाइट: ऑटो’ द्या. दुसरं विसरलात तर १२०० बाय ८०० चा हातमाग ३६० पिक्सेलच्या मोबाइलवर रुंदीला आक्रसतो, उंची मात्र ८०० च राहते आणि माग ताणल्यासारखा दिसतो. टॅगमधले विड्थ आणि हाइट काढू नका. त्यावरूनच ब्राउझर फोटो उतरण्याआधी जागा धरतो. नाहीतर वाचता वाचता मजकूर खाली उडी मारतो. आणि मोबाइलवर काढलेला ४००० पिक्सेलचा मूळ फोटो तसाच चढवू नका. वरच्या मोठ्या फोटोला १६०० पिक्सेल रुंदी पुरते, गावाकडच्या नेटवर्कवर हा फरक लगेच जाणवतो.

मजकूर फोटोभोवती वळवायचा असेल तरच फ्लोट वापरा: ‘फ्लोट: लेफ्ट; विड्थ: ४०%; मार्जिन: ० १६पीएक्स ८पीएक्स ०’ (पीएक्स म्हणजे पिक्सेल). ‘फ्लोट: सेंटर’ असं काही नसतं. मजकूर कमी पडला तर पुढचं शीर्षक फोटोशेजारी चढतं. त्या शीर्षकाला ‘क्लिअर: बोथ’ द्या. बाहेरच्या डब्याचा रंग फोटोच्या मध्येच संपत असेल, तर डब्याला ‘डिस्प्ले: फ्लो-रूट’ लागेल. मराठीत आणखी एक अडचण येते. ‘विणकामासाठी’सारखे लांब शब्द मोबाइलवर उरलेल्या दोनशे पिक्सेलमध्ये ओळीला जेमतेम दोन-तीन बसतात. म्हणून फ्लोटचा नियम ‘मिन-विड्थ: ६००पीएक्स’च्या मीडिया क्वेरीतच (स्क्रीन निदान एवढी रुंद असेल तरच लागू होणाऱ्या भागात) ठेवा.

फोटो आणि मजकूर नुसते शेजारी हवे असतील तर दोन्ही ज्या डब्यात आहेत त्याला ‘डिस्प्ले: फ्लेक्स’ बरा. फक्त त्याच डब्याला ‘अलाइन-आयटम्स: फ्लेक्स-स्टार्ट’ही द्या, नाहीतर मजकूर वाढला की फोटोही उंचीला ताणला जातो.

पदरांसाठी ग्रिड (आडव्या-उभ्या रांगांची चौकट) घ्या, म्हणजे त्यांच्या डब्याला: ‘डिस्प्ले: ग्रिड; ग्रिड-टेम्पलेट-कॉलम्स: रिपीट(ऑटो-फिल, मिनमॅक्स(१४०पीएक्स, १एफआर))’, गॅप १२पीएक्स. ऑटो-फिलच्या जागी ऑटो-फिट लिहिलंत आणि एकच साडी उरली, तर तिचा फोटो सगळी रुंदी व्यापतो. सगळे फोटो एकसारखे दिसावेत म्हणून प्रत्येकाला ‘विड्थ: १००%; आस्पेक्ट-रेशो: ३/४; ऑब्जेक्ट-फिट: कव्हर’. कव्हर फोटो ताणत नाही, जास्तीचा भाग दोन्हीकडून सारखा कापतो. ९:१६ चा उभा फोटो असेल तर वरखाली कात्री लागते आणि पदराच्या तळाशी विणलेला मोर मानेपासून वरच दिसतो. गिऱ्हाईक मोर पाहायलाच आलेलं असतं, म्हणून हे दुर्लक्षू नका. त्या एका फोटोला ‘ऑब्जेक्ट-पोझिशन: ५०% १००%’ दिलं की कात्री फक्त वरून लागते.

फोटोवर ‘विकली गेली’ अशी पट्टी हवी असेल तर पोझिशन लागते. इमेज टॅगच्या आत दुसरं काही ठेवता येत नाही, त्यामुळे प्रत्येक फोटो आणि त्याची पट्टी मिळून एक डिव्ह (डबा) करा. डिव्हला ‘पोझिशन: रिलेटिव्ह’, पट्टीला ‘पोझिशन: अ‍ॅब्सोल्यूट; टॉप: ८पीएक्स; राइट: ८पीएक्स’. सगळ्या पट्ट्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात एकावर एक जमल्या, तर रिलेटिव्ह राहिलं आहे असं समजा. खुद्द फोटोला मात्र जागेवर आणण्यासाठी अ‍ॅब्सोल्यूट देऊ नका. मजकूर त्याच्यासाठी जागा सोडत नाही, आणि स्वतःच्या स्क्रीनवर नीट दिसलेला फोटो दुसऱ्याच्या मोबाइलवर किमतीवर जाऊन बसतो.