सागरी पवन ऊर्जेची सरकारी योजना कशी वाचावी

समुद्रात पवनचक्क्या उभारण्यासाठी सरकारने मदत जाहीर केली की बातमीत दोनच आकडे ठळक दिसतात: किती गिगावॅट आणि किती रक्कम. योजनेचा मूळ दस्तऐवज वाचायला घेताना हे दोन्ही आकडे आधी बाजूला ठेवावेत आणि कोणती जोखीम सरकारने स्वतःच्या अंगावर घेतली आहे व कोणती विकासकावर, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीवर, सोडली आहे, एवढेच प्रत्येक कलमात शोधावे. सागरी प्रकल्पाला इंधनाचा खर्च नसतो, मात्र त्याचे बहुतेक भांडवल विजेचे पहिले युनिट तयार होण्यापूर्वीच गुंतवावे लागते. म्हणून विजेचा दर मोठ्या प्रमाणात भांडवलावरील व्याजावर ठरतो आणि व्याज जोखमीवर.

सर्वांत आधी दराचे कलम काढावे. ब्रिटनने रूढ केलेल्या फरक-करारात लिलावातून एक दर ठरतो. समजा तो 80 ठरला आणि बाजारभाव 60 वर आला, तर 20 ची तूट विकासकाला भरून मिळते; भाव 110 वर गेला, तर वरचे 30 त्याने परत करायचे असतात. हा करार दोन्ही बाजूंनी लागू आहे की केवळ तूट भरून देणारा आहे, हे नीट पाहावे, कारण एकतर्फी करारात भाव चढल्याचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. दर महागाईशी जोडला आहे का, करार किती वर्षांचा आहे (ब्रिटनमध्ये तो 15 वर्षांचा होता, 2025 च्या लिलाव-फेरीपासून 20 वर्षांचा झाला) आणि वीज गरजेपेक्षा जास्त होऊन बाजारभाव शून्याखाली जातो त्या तासांचे पैसे मिळतात की नाही, हेही त्याच कलमात सापडते.

त्यानंतर कमाल दराकडे, म्हणजे लिलावात मागता येणाऱ्या दराच्या मर्यादेकडे, वळावे, कारण अनेक चांगल्या योजना नेमक्या येथेच अडखळल्या आहेत. 2023 मध्ये ब्रिटनने सागरी पवनासाठी 2012 च्या किमतींनुसार प्रति मेगावॅट-तास 44 पौंडांची मर्यादा ठेवली. यंत्रसामग्री आणि कर्ज दोन्ही महागलेले असल्यामुळे त्या फेरीत सागरी पवनासाठी एकही बोली आली नाही. पुढच्या फेरीत मर्यादा 73 पौंडांवर नेल्यावर 2024 मध्ये प्रकल्पांना करार मिळाले, आणि तेही मर्यादेच्या बऱ्याच खाली. मर्यादा उंच ठेवली म्हणून दर आपोआप उंच जात नाही, तो स्पर्धेने खाली येतो. परंतु मर्यादाच परवडणारी नसेल, तर स्पर्धा सुरूच होत नाही.

काही योजनांमध्ये अनुदान शून्य असते, किंवा समुद्राच्या जागेसाठी उलट विकासकच सरकारला पैसे देतो. जर्मनीत 2017 मध्ये विनाअनुदान बोली जिंकल्या आणि 2023 मध्ये 7 गिगावॅटच्या जागांसाठी 12.6 अब्ज युरोंची बोली लागली. असे आकडे पाहून आता सरकारी आधाराची गरज उरली नाही, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डेन्मार्कने याच धर्तीवर 2024 मध्ये काढलेल्या 3 गिगावॅटच्या निविदेला प्रतिसाद मिळाला नाही, आणि तेथील सरकारला आर्थिक साहाय्याची तरतूद करून ती नव्याने मांडावी लागली.

दोन देशांच्या दरांची तुलना करण्यापूर्वी वीज किनाऱ्यावर कोण आणतो, हे तपासणे अनिवार्य आहे. नेदरलँड्समध्ये समुद्रातील उपकेंद्र आणि किनाऱ्यापर्यंतची केबल सरकारी मालकीची पारेषण कंपनी उभारते, शिवाय समुद्रतळ, वारा आणि लाटा यांचे सर्वेक्षण सरकार आधीच करून सर्व बोलीदारांना देते. ब्रिटनमध्ये जोडणी सहसा विकासक बांधतो आणि नंतर वेगळ्या कंपनीला विकतो. पहिल्या देशातील दर त्यामुळे कमी दिसतो, पण केबलचा खर्च नाहीसा झालेला नसतो; तो दुसऱ्या खात्यात गेलेला असतो.

बंदराची तरतूद अनेकदा एखाद्या ओळीत उरकलेली असते, तरी ती शोधावी. शंभर मीटरहून लांब पाती ठेवण्यासाठी प्रशस्त, भक्कम धक्का नसेल, तर बाकी सारी मदत कागदावरच राहते. भारताने 2024 मध्ये 1 गिगावॅटसाठी मंजूर केलेल्या 7,453 कोटी रुपयांच्या व्यवहार्यता तफावत निधीत (प्रकल्प परवडावा म्हणून खर्चातील तूट भरून देणाऱ्या मदतीत) दोन बंदरांसाठीचे 600 कोटी स्वतंत्र दाखवले आहेत, ही पद्धत मला योग्य वाटते.

खोल समुद्रासाठी तरंगत्या पवनचक्क्यांचा वेगळा गट आहे का, हेही पाहावे. ब्रिटनच्या 2022 च्या फेरीत तळावर रोवलेल्या प्रकल्पांचा दर 37.35 पौंड होता, तर तरंगत्या प्रकल्पाचा 87.30 पौंड. दोन्हींना एकाच लिलावात उतरवले, तर नवे तंत्रज्ञान कधीच उभे राहणार नाही.

शेवटी प्रकल्प मोडण्याचे कलम वाचावे. डेन्मार्कमधील विंडेबी हा जगातील पहिला सागरी पवन प्रकल्प 1991 मध्ये 11 पवनचक्क्यांसह सुरू झाला आणि 2017 मध्ये समुद्रातून काढून टाकण्यात आला. त्या कामासाठीची हमी रक्कम विकासकाकडून कोणत्या वर्षी घेतली जाणार, तिची फेरमोजणी केव्हा होणार आणि कंपनी मध्येच बुडाली तर ती कोणाच्या ताब्यात राहणार, या तिन्ही गोष्टी कलमात स्पष्ट लिहिलेल्या नसतील, तर योजनेच्या मसुद्यावर हरकती मागवल्या जातात त्या मुदतीतच तसे लेखी कळवावे.