जळालेल्या पाइनच्या रानात या चुका टाळा

आग विझून आठवडा होत नाही तोच विचारणा सुरू होते, "रोपं कधी लावायची?" एक हिवाळा थांबा म्हटलं की लोकांचे चेहरे पडतात. तरी थांबाच.

ऑगस्ट २०२१ मध्ये ग्रीसच्या एव्हिया बेटाचा उत्तर भाग जळाला, सुमारे ५०,००० हेक्टर. पुढच्या फेब्रुवारीत एका गटाबरोबर मी तिथे गेले. दुपारपर्यंत आम्ही उतारभर खड्डे खणले. पाणी प्यायला बसले, तर बुटाशेजारी काहीतरी हिरवं दिसलं. काडीपेटीतल्या काडीएवढा देठ, वर सहा-सात सुयांची छत्री. वाकून पाहिलं तर हातभर जागेत पाइनची अशी नऊ रोपं. सकाळपासून आम्ही तीच तुडवत होतो. त्या दिवशी मला रडू आलं.

तिथल्या अलेप्पो जातीच्या पाइनचे बरेच शंकू राळेने बंद असतात. आगीच्या धगीने ते उघडतात, बी राखेवर पडतं आणि पहिल्या पावसांत रुजतं. म्हणून वसंतात मी दोरीने मीटरभराचे चौकोन आखते आणि गुडघ्यावर बसून रोपं मोजते. दहा चौकोनांत एकही दिसलं नाही, तरच नर्सरीला फोन.

जळके ओंडके ट्रॅक्टरने ओढायचे, तेही रोपं उगवल्यावर, हा दुसरा घात. ओंडके उतारावर आडवे टाकून माती अडवायची तर पहिल्या पावसाआधी. काही खोडं उभीच ठेवा. त्यांतल्या किड्यांवर सुतारपक्षी जगतात.

कुमारिया (स्ट्रॉबेरी ट्री) आणि पुर्नारी (झुडपासारखा काटेरी ओक) ही तिथली झुडपं मेली समजून उपटू नका, बुंध्यातून फुटतात. कोवळ्या फुटव्यांवर बकऱ्या सोडू नका. धडधाकट कासव उचलून घरी नेऊ नका. मातीत दडून ते वाचलेलं असतं.

पण थांबणं सगळीकडे चालत नाही. अथेन्सजवळच्या पार्निथा डोंगरावर जून २००७ मध्ये फर या सूचीपर्णी झाडांचं रान जळालं. फरचे शंकू असे बंद राहत नाहीत आणि जूनमध्ये बी कच्चंच असतं. तिथे हातानेच लावणी करावी लागते.

पाइनच्या रानातही आधीची आग कधी लागली होती ते विचारा. उत्तर एव्हियात राळ काढणाऱ्या म्हाताऱ्यांना झाडांची वयं तोंडपाठ असतात. पंधरा वर्षांच्या आत दुसऱ्यांदा जळालं असेल, तर झाडांवर पुरेसे शंकू धरलेलेच नसतात. तिथे रोपं घेऊन जा.