गावाकडचे कुटुंब राहायला येण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वी धाकटे दीर अक्कलकोट तालुक्यातून बायको आणि दोन मुलांसह आमच्याकडे राहायला आले, तेव्हा अंथरुणे, वाढीव शिधा, टॉवेलच्या कारखान्यातील कामाची बोलणी अशी सगळी तयारी मी केली होती. पाण्याची केली नव्हती. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंनी मुलाच्या डोक्याला साबण लावला आणि तांब्या बॅरलच्या कोरड्या तळाला घासला. नळाला पाणी येण्यास अजून दोन दिवस होते. शेजारून मागून आणलेल्या एका कळशीत मुलाचे डोके धुतले. पण त्यानंतर कितीतरी दिवस जाऊबाई पाणी घेताना माझ्याकडे पाहून घेत, हे मला अजून लागते.

म्हणून आधी पाण्याचा हिशेब मांडावा. सोलापुरात नळाच्या पाण्याच्या दोन पाळ्यांमध्ये चार-पाच दिवस सहज जातात. माणशी रोज ४० लिटर धरले तरी चौघांना पाच दिवसांत ८०० लिटर लागतात, म्हणजे २०० लिटरची चार बॅरल, आणि तीही ते येण्याच्या आदल्या पाळीला भरलेली हवीत. माणसे आल्यावर विकत आणलेली रिकामी बॅरल काही कामाची नाहीत. भरलेल्या बॅरलवर कापड घट्ट बांधावे, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

घर भाड्याचे असेल तर मालकांना आधीच माणसे किती वाढणार हे सांगावे, आणि पाणी किती जास्त लागेल तेही सांगावे; कुरबूर माणसांवरून नव्हे, मोटरीवरून सुरू होते. अंथरुणे, भांडी कोणालाही आठवतात. रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा झोपायला अंधारा कोपरा लागतो, तो मात्र आधी ठरवावा.

रेशनकार्ड गावचे असले तरी आधार जोडलेले असल्यास अंगठा लावून इथल्या दुकानातून धान्य मिळते. जोडणी निघण्यापूर्वी तपासावी. शाळेचा दाखला आणावा. राहिला तरी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत सरकारी व अनुदानित शाळेला त्यावरून प्रवेश नाकारता येत नाही. खर्चाचे बोलणे पहिल्याच आठवड्यात करावे.

पुढे त्यांची खोली ठरताना भाडे आणि अनामत ते पाहतीलच. तिथे पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता येते, हे आपण शेजाऱ्यांना विचारावे आणि भरलेल्या सामानाबरोबर दोन बॅरल टेम्पोत चढवावीत.