या चुका टाळा: गुड फ्रायडेला पहिल्यांदाच बोलायला उभं राहताय ना?

दरवर्षी असंच होतं. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, सुरू झाला की रविवारी उपासना संपल्यावर दाराशी हात मिळवताना पाळकसाहेब हळूच म्हणतात, "यंदा पाचवा उद्गार तुमच्याकडे हं," आणि मागे रांग असते म्हणून आपण "हो साहेब" म्हणून मोकळे होतो. रात्री जेवताना एकदम लक्षात येतं की अरे आपण हे काय करून बसलो. ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बऱ्याच मराठी मंडळ्यांत गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना असते, येशूने वधस्तंभावर काढलेले सात उद्गार सात जणांना वाटून देतात आणि त्यात शिक्षक, बँकवाले, नर्स, रिटायर्ड माणसं असे साधे लोकच जास्त असतात. आयुष्यातला पहिला संदेश बरेच जण इथेच देतात, म्हणजे भर उन्हात, उपाशीपोटी आणि वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या चर्चसमोर!

मी पण तसाच सुरू झालो आणि खाली लिहिलेल्या बहुतेक चुका माझ्या स्वतःच्या आहेत. एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती म्हणजे आपण भीती घालवायच्या मागे लागतो आणि ती काही जात नाही. भीती असतानाही काम होईल अशी तयारी करायची असते. बहुतेक चुका भीती लपवायच्या नादातच होतात.

"भीती वाटते म्हणजे विश्वास कमी आहे"

ही सगळ्यात नुकसान करणारी समजूत, आणि ती आपले लोकच पसरवतात. कुणी घाबरलंय म्हटलं की लगेच २ तीमथ्य १:७ तोंडावर मारतात, देवाने भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही. बरोबर आहे, पण तसंच पुढचं वचन वाचा, तिथे प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, साक्षीची लाज धरू नकोस म्हणतो, म्हणजे विषय माघार घेण्याचा आहे, हात थरथरण्याचा नाही. आणि हाच पौल १ करिंथ २:३ मध्ये स्वतःबद्दल लिहितो की तुमच्याकडे आलो तेव्हा मी अशक्त होतो, घाबरलेला होतो, कापत होतो. मोशेने तर जीभ जड आहे म्हणून सरळ नकार दिला, देव रागावला पण बोलायला सोबत त्याच्या भावाला, अहरोनाला दिलं. तर पोटात गोळा आला म्हणून स्वतःच्या विश्वासाची झडती घेत बसू नका, तो वेळ तयारीला लावा.

"आत्मा बोलवील, तयारी कशाला"

हे ऐकायला फार आध्यात्मिक वाटतं, पण खरं सांगू का, बहुतेक वेळा यात आळस असतो किंवा भीतीमुळे केलेली टाळाटाळ असते, कारण तयारीला बसलं की भीती समोर येते. यासाठी मत्तय १०:१९ चा आधार घेतात, काय बोलावं याची काळजी करू नका. पण तो उतारा पकडून न्यायसभेपुढे उभं केलेल्या माणसांसाठी आहे. तुम्हाला कुणी पकडून नेलेलं नाही, चांगले चार आठवडे आधी सांगितलंय.

अख्खा संदेश पाठ करणे

पहिल्या वर्षी मी फुलस्केपची पाच पानं लिहिली आणि शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखी घोकली. तिसऱ्या मिनिटाला बाहेर कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना वाजायला लागली, एक वाक्य निसटलं आणि त्याच्यामागचं सगळंच गेलं, कारण पाठ केलेली गोष्ट माळेसारखी असते, एक मणी सुटला की संपलं. मग मी उरलेली पानं मान खाली घालून वाचून काढली आणि खाली बसलो, काय वाचलं ते मला स्वतःला आठवत नाही.

आता मी असं करतो. घरी पूर्ण लिहून काढायचं, हे चुकवायचं नाही, कारण लिहिल्याशिवाय विचार पक्का होत नाही. मग ते बाजूला ठेवून लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर फक्त पाच-सहा ओळी उतरवायच्या, मोठ्या अक्षरात. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं मात्र शब्दशः पाठ, कारण भीती सगळ्यात जास्त पहिल्या मिनिटात असते, आणि शेवट ठरलेला नसला की माणूस विमानतळावर घिरट्या घालणाऱ्या विमानासारखा "आणखी एक गोष्ट सांगतो" करत फिरत राहतो. जाड कागदाचा आणखी एक फायदा म्हणजे तो हलत नाही. पातळ पान थरथरायला लागलं की ते मागच्या बाकापर्यंत दिसतं आणि आपल्याला पण दिसतं, मग हात अजून थरथरतो.

उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत

घाबरलेला माणूस सामान जास्त भरतो. पाचवा उद्गार "मला तहान लागली आहे," त्यासाठी माझ्याकडे स्तोत्र २२ होतं, स्तोत्र ६९ होतं, मोशेने काठी मारून पाणी काढलं तो रानातला खडक होता, यशया ५५ होतं, शिवाय नेटवरून उतरवलेला माणसाच्या शरीरात पाणी किती असतं तो हिशोब होता. मिनिटं होती पंधरा. योना संदेष्ट्याने निनवे शहरात सांगितलेला संदेश मूळ हिब्रूत पाच शब्दांचा आहे आणि तो अख्ख्या शहराला पुरला. आपल्याला एक विचार पुरे.

नंतर एकदा परत तोच उद्गार माझ्याकडे आला तेव्हा मी फक्त योहान ४ घेतलं. विहिरीवर शोमरोनी बाईला जिवंत पाणी देतो म्हणणारा तोच येशू योहान १९ मध्ये तहानेने कासावीस होतो आणि त्याला मिळते आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस. बस, एवढंच. आमच्या गावाकडे उन्हाळ्यात टँकर यायचा, आई दोन घागरी भरून आणायची आणि पहिला तांब्या दारात आलेल्या माणसाला द्यायची, ती आठवण सांगितली. बारा मिनिटांत खाली बसलो. शरीरातल्या पाण्याचा हिशोब कुणालाही चुकल्यासारखा वाटला नाही.

मांडणी सुचत नसेल तर आपल्याकडे कीर्तन आहेच की. पूर्वरंगात विषय मांडायचा, उत्तररंगात एक आख्यान लावून तोच विषय दाखवायचा. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली ती उगाच नाही, आपल्या लोकांच्या कानाला तो घाट ओळखीचा आहे. परदेशी पुस्तकांतले तीन मुद्दे, तिन्ही एकाच अक्षराने सुरू होणारे, मराठीत जुळवायला गेलं की ओढाताण होते आणि आपणच अडखळतो.

दुसऱ्याचा आवाज लावणे

हा माझा आवडता विषय आहे, जरा बोलतो. रोज आपल्याशी नीट बोलणारा माणूस पुलपिटवर गेला की एकदम वेगळाच होतो. कुणी यूट्यूबवरच्या मोठ्या पास्टरसारखं ओरडतो, दर वाक्याला हालेलुया, माइक तोंडात. कुणी जुन्या पाद्रीसाहेबांचा सूर धरतो, "प्रियजनहो, त्यासमयी तो असे म्हणता झाला." दोन्हीकडे कारण एकच असतं, माझा खरा आवाज इथे चालणार नाही ही भीती. आणि नक्कल करताना डोकं दोन कामं करतं, काय बोलायचं आणि कसं वागायचं, त्यामुळे विसरायला अजून जास्त होतं.

उताऱ्याची भाषा शास्त्राची असू दे, ती वाचताना तशीच वाचा. पण त्यानंतर तुम्ही घरी जसं बोलता तसंच बोला, नगरचे असाल तर नगरी, कोल्हापूरचे असाल तर तसं. फादर स्टीफन्स हे मिशनरी इंग्लंडहून गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते मराठी ओवीत. इतक्या लांबून आलेला माणूस आपल्या लोकांच्या भाषेत शिरला आणि आपण आपल्याच मंडळीत उपऱ्यासारखं बोलायचं?

सुरुवातीलाच माफी

"मी काही बोलण्याच्या लायकीचा नाही, वेळ पण मिळाला नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या." हे नको. नम्रता वाटते पण आपण लोकांना चुका शोधायच्या कामाला लावतो. सरळ उतारा वाचा.

शरीराचं काय

याबद्दल कुणीच बोलत नाही, फक्त "प्रार्थना करा" म्हणतात. प्रार्थना कराच, पण हेही करा. उपास असेल तर आपल्या पाळकांना विचारून पाण्याचं ठरवा, सुक्या तोंडाने पंधरा मिनिटं बोलणं कठीण जातं, आणि शुगर-बीपीची गोळी चालू असेल तर उपासाच्या नादात ती मनानेच सोडू नका, डॉक्टरांना विचारा. आदल्या दिवशी संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये जा, माइक लावून उभं राहा, आपला आवाज स्पीकरमधून परत येतो तेव्हा दचकायला होतं ते आधीच होऊन जाऊ दे. माइक तोंडापासून चार बोटं लांब. बायबलमध्ये खुणेच्या चिठ्ठ्या आधीच घाला, कारण भीतीत लूक सापडत नाही, हा अनुभव आहे. वाचायचा चष्मा खिशात! उभं राहिल्यावर लगेच तोंड उघडू नका, श्वास सावकाश बाहेर सोडा, मग सुरू करा. तुम्हाला ती शांतता फार लांब वाटेल, लोकांना वाटत नाही.

एकाच चेहऱ्याकडे बघत बसणे

दोनशे लोक नीट ऐकत असतात आणि आपली नजर त्या एका झोपलेल्या काकांवर खिळते. पौल बोलत होता तेव्हा युतुख नावाचा तरुण झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, प्रेषितांची कृत्ये २० मध्ये आहे, आणि पौल नंतर पहाटेपर्यंत बोललाच. दुपारी दीड वाजता उपाशीपोटी पंख्याखाली माणूस झोपणारच हो. मोबाईल बघणारे पण निम्मे बायबल ॲपच बघत असतात असं समजा. मान हलवणारी एखादी मावशी प्रत्येक मंडळीत असते, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा शोधून ठेवा.

मधेच अडकलात तर

सगळं विसरलात तर उतारा परत वाचा, सावकाश. लोकांना ते मुद्दाम केलंय असंच वाटतं आणि वाचता वाचता धागा सापडतो. रडू आलं तर थांबा, माफी मागू नका. तुमच्या आधीच्या वक्त्याने तुमचाच मुद्दा सांगून टाकला, हे गुड फ्रायडेला हमखास होतं, कारण दुसऱ्या उद्गारावर बोलणारे सातव्यापर्यंत फिरून येतात, तर "आताच आपण ऐकलं" म्हणून तेवढा भाग सोडा आणि आपल्या अनुभवाची गोष्ट सांगून लवकर बसा. आजवर लवकर बसल्याबद्दल कुणाची तक्रार आलेली मी ऐकली नाही.

एकदम मोठ्या उडीची घाई

अजून वेळ असेल तर पायऱ्या घ्या. आधी एखाद्या रविवारी शास्त्रपाठ मागून घ्या, मग कॉटेज मीटिंगला, म्हणजे कुणाच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, तीन मिनिटांची साक्ष, मग महिला मंडळ किंवा तरुण संघात छोटा विचार. संडे स्कूल शिकवत असाल तर सगळ्यात भारी सराव, कारण मुलं कंटाळली की तोंडावर सांगतात. फक्त कुणाच्या अंत्यविधीत सराव करू नका, प्लीज. तिथे रडणारं घर असतं.

झाल्यावर "कसं झालं" विचारत फिरणे

त्या दिवशी कुणालाच विचारू नका. कौतुकाने हवेत जाल किंवा एखाद्या ज्येष्ठांच्या "बरं होतं, पण" ने आठवडाभर झोप उडेल. अथेन्समध्ये पौलाचं ऐकून काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला, पौलालाही तिन्ही गट मिळाले. मोबाईलवर रेकॉर्डिंग करून ठेवा आणि ईस्टरनंतर निवांत एकदा ऐका. मला त्यातूनच कळलं की मी दर वाक्याला "तर" म्हणतो.

आणि नीट झालं तर पुढच्या वर्षी चौथा उद्गार तुमच्या गळ्यात पडणार हे धरून चाला. "एली, एली, लमा सबख्थनी" (माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास) आतापासूनच मोठ्याने म्हणायला लागा, मी सबख्थनीवर सलग दोन वर्षं अडकलोय.