बेबी कॅरिअर बांधताना पट्टे सैल सोडू नका

लेकरू कडेवर घेऊन फिरणं आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. दुकानातून आणलेलं बेबी कॅरिअर मात्र कितीतरी घरांत दोनदा वापरून कपाटावर जाऊन पडतं. पाठ दुखते, लेकरू रडतं, खाली घसरतं. माझी दोन, धाकट्या जावेचं एक आणि बहिणीचं एक अशी चार लेकरं मी या पट्ट्यांत वागवली आहेत. या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी मला जवळजवळ दरवेळी सैल पट्टेच सापडले.

आधी निवड. सगळ्यात पहिल्यांदा बैठक बघा. खालचं कापड लेकराच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोचलं पाहिजे. बाजारात टांगलेल्या स्वस्त कॅरिअरमध्ये ते चार बोटांचं असतं, पाय सरळ खाली लोंबतात आणि सगळा भार जांघेत येतो. कितीही स्वस्त मिळालं तरी ते घेऊ नका. कडेवर घेतलेलं लेकरू कसं बसतं ते आठवा: मांड्या फाकलेल्या, गुडघे ढुंगणापेक्षा वर. इंटरनॅशनल हिप डिस्प्लेशिया इन्स्टिट्यूट ही संस्थाही खुब्याच्या सांध्यांच्या वाढीसाठी पहिल्या काही महिन्यांत हीच बैठक सुचवते. आपल्या आज्या हे न सांगता करत होत्या.

कमरेचा पट्टा रुंद आणि ताठ हवा, नाहीतर सगळं वजन खांद्यांवर येतं. कापड सुती घ्या. परभणी-नांदेडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस ओलांडतो, तिथे जाड फोमचं अस्तर असलेलं कॅरिअर दुकानातल्या एसीत कितीही छान वाटलं तरी घाम काढतं. अंगाभोवती गुंडाळायचा लांब ताणता रॅप थंडीच्या दिवसांत उत्तम, पण उन्हाळ्यात त्याचे पदर लेकराला आणि आपल्याला दोघांनाही नकोसे होतात. लेबलवर किमान वजन लिहिलेलं असतं, ते वाचा. बकलवाल्या बऱ्याच कॅरिअरना ते साडेतीन किलोच्या आसपास असतं. वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं लेकरू असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कॅरिअरला हात लावू नका. लेकराला आडवं निजवायची पिशवीसारखी स्लिंग तर घेऊच नका. त्यात हनुवटी छातीवर दुमडते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 2010 मध्ये स्लिंगमधल्या गुदमरण्याबद्दल इशारा दिला होता, तो विशेषतः चार महिन्यांखालच्या लेकरांसाठी.

आता बांधणं. कमरेचा पट्टा बेंबीच्या पातळीला घट्ट लावा, लेकरू छातीशी घ्या, पाय दोन्ही बाजूंना काढा, पाठीचं कापड वर ओढा, खांद्यांचे पट्टे चढवा. इथवर कुणालाही जमतं. अडतं ते पुढे.

थोरली चार महिन्यांची असताना आम्ही तुळजापूरला गेलो होतो. निघताना सासूबाई म्हणाल्या, "लेकराला एवढं आवळू नको गं, जीव घाबरा होईल तिचा." मलाही ते पटलं आणि मी पट्टे सैल सोडले. देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता ती झोपली. गर्दीत माझी नजर समोर होती. मधेच खाली पाहिलं तर ती कॅरिअरमध्ये तळाशी सरकलेली, पाठीची कमान झालेली, हनुवटी छातीला चिकटलेली, आणि श्वासाला घरघर. मी हनुवटी उचलली, श्वास मोकळा झाला. मग पाय लटपटले आणि मी तिथेच पायरीवर बसले. लहान लेकराची श्वासनलिका मऊ असते, मान दुमडली की ती दबते, आणि अशा वेळी ते रडून सांगूही शकत नाही. म्हणून कुणी प्रेमाने "सैल ठेव" म्हणालं तरी ऐकू नका. सासूबाईंना मी नंतर हे नीट समजावून सांगितलं. धाकट्याच्या वेळी त्याच मला म्हणायच्या, "बघ, पट्टा ढिला पडलाय."

घट्ट करायची रीत अशी. लेकराचं वजन लोंबकळत असताना पट्टा ओढू नका, तो सरकत नाही आणि बकलवर ताण येतो. एक हात ढुंगणाखाली घालून लेकरू जरा वर उचला आणि दुसऱ्या हाताने पट्टा ओढा. थोडा डावा, थोडा उजवा, पुन्हा डावा. मग बैठक लावा. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. दोन्ही हातांनी मांड्या गुडघ्यामागून धरा आणि गुडघे अलगद वर, आपल्या पोटाकडे ढकला. ढुंगण आपोआप खाली खोलगट बसतं आणि पाठ कापडाला टेकते. की लगेच पट्टे पुन्हा ओढा, कारण या हालचालीने ते हटकून ढिले होतात. बहुतेक जणी हा शेवटचा ओढा विसरतात.

मग तपासा. मान जरा वाकवली की लेकराच्या कपाळाचा मुका घेता आला पाहिजे. हनुवटी आणि छातीत दोन बोटं मावली पाहिजेत. तोंड-नाक सतत दिसलं पाहिजे, त्यावर ओढणी किंवा पदर नको. डोक्याला हात लावून किंचित पुढे वाका, लेकरू तुमच्या छातीपासून सुटलं तर अजून सैल आहे. आणि तुमचा तळहात त्याच्या पाठीवरून कापडाच्या आत सपाट सरकला, तर ते आवळलेलंही नाही.

मानेमागच्या आडव्या क्लिपला हात पोचत नाही म्हणून मी महिनाभर नवऱ्याला हाका मारायचे. सोपा उपाय आहे: पट्टे पूर्ण ढिले ठेवून क्लिप आधीच लावा, झबलं घातल्यासारखं डोक्यातून घाला आणि नंतर ओढा. क्लिप मानेशी नको, दोन खवाट्यांच्या मधोमध हवी. मान दुखायची थांबते.

बाहेर तोंड करून बसवणं मान पक्की झाल्यावर, साधारण सहा महिन्यांनंतर, तेही थोडा वेळच. झोप आली की परत आत वळवा. उन्हाळ्यात कॅरिअर हा कपड्याचाच एक थर धरा आणि आत फक्त पातळ झबलं घाला. ताप आल्यासारखं वाटलं तर हातपाय न बघता मानेमागे हात लावा. सहा महिन्यांखालच्या लेकराला पाणी देऊ नका, अंगावर जास्त वेळा पाजा. लेकरू कॅरिअरमध्ये असताना चूल-गॅसजवळ उभं राहू नका आणि हातात गरम चहाही घेऊ नका. खालची वस्तू उचलायची तर गुडघ्यात वाका, कमरेत नाही.

आणि मोटारसायकलवर कॅरिअर नको, गावातल्या गावात जायचं असलं तरी. 2022 च्या केंद्रीय नियमांत दुचाकीवरच्या चार वर्षांखालच्या मुलासाठी सेफ्टी हार्नेस, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा आहे. बेबी कॅरिअर म्हणजे तो हार्नेस नव्हे.

काढताना पलंगावर बसा. आधी मानेमागची क्लिप, मग खांद्यांचे पट्टे, आणि कमरेचा पट्टा सगळ्यात शेवटी. तोवर एक हात लेकराच्या पाठीवरून हलवू नका. झोपलं असेल तर तसंच पाठीवर निजवा, कापड मागाहून हळूच ओढून घ्या.