होरायझन युरोपला अर्ज करताय? आधी या चुका टाळा

संशोधन आणि नवकल्पनांना निधी देणाऱ्या युरोपियन युनियनच्या होरायझन युरोप कार्यक्रमाची (२०२१ ते २०२७) तिजोरी सुमारे ९३.५ अब्ज युरोंची. आकडा ऐकून माणूस हुरळतो आणि थेट प्रस्ताव लिहायला बसतो. पात्रतेच्या अटी मग शेवटच्या आठवड्यात वाचल्या जातात, आणि तिथेच घोळ होतो.

मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) फेलोशिपचंच घ्या. युरोपातल्या संस्थेत जायचं तर इथे नागरिकत्व आडवं येत नाही, मुक्काम येतो. अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावं लागतं. म्हणजे पुण्याहून म्युनिकला जाऊन नुकतीच पीएचडी संपवलेल्याने बर्लिनची प्रयोगशाळा निवडली तर अर्ज बाद. शहर बदललं तरी देश तोच ना! तोच उमेदवार नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला गेला तर ही अट आड येत नाही. पुण्यातच पीएचडी केलेल्याला तर जर्मनीही मोकळी. म्हणून गाईडला ईमेल टाकण्याआधी पासपोर्टवरचे शिक्के आणि भाडेकरार काढून महिने मोजा. आणखी एक: घाईत कच्चा अर्ज ‘बघू तरी’ म्हणून टाकू नका. ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी गुण पडले, तर त्याच संस्थेसोबत पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही.

स्टार्टअपवाल्यांची गल्लत वेगळी. युरोपियन इनोव्हेशन कौन्सिलच्या ॲक्सिलरेटर योजनेत २५ लाख युरोपर्यंत अनुदान मिळू शकतं, पण कंपनी युरोपियन युनियनच्या सदस्य किंवा या कार्यक्रमाशी संलग्न देशात नोंदलेली हवी. नुसती पुण्यात नोंदलेली प्रायव्हेट लिमिटेड चालत नाही. कन्सोर्टियममध्ये (एकत्र अर्ज करणाऱ्या संस्थांच्या गटात) भारतीय कंपनीला घेतात, मात्र पैसे सहसा तिचे तिनेच आणायचे. कॉलच्या (अर्ज मागवणाऱ्या सूचनेच्या) मजकुरात वेगळी तरतूद आहे का, ते बघा. एंटरप्राइझ युरोप नेटवर्क भागीदार शोधून देतं, अनुदान नाही.

पानांची मर्यादा ओलांडली तर जादा पानं परीक्षकांना दिसतच नाहीत. बजेटची चूक एकवेळ निस्तरता येते, हे नाही.

मुदत ब्रसेल्सच्या घड्याळाने संध्याकाळी ५ ची. सप्टेंबरात आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजतात; ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे गेली की साडेनऊ. पोर्टलवर मुदतीपर्यंत अर्ज पुन्हा बदलून सादर करता येतो, तेव्हा एक पूर्ण प्रत आदल्या दिवशीच चढवून ठेवा.